दात किडतात तेवढेच, मग पडतात जास्त का?

इंदूरमध्ये रविवारची सकाळ म्हणजे पोहे-जिलेबी. पोह्यांवर सेव, त्यावर जिरावन मसाल्याची चिमूट आणि शेजारी गरम जिलेबी. रामबागेतल्या मराठी घरात हाच बेत असतो आणि मल्हारगंजातल्या माळवी घरातही. अशा एखाद्या घरात दोन भावंडं आहेत असं समजा. थोरली ताई नोकरीला लागलेली. धाकट्याला जन्मापासून बौद्धिक अक्षमता. दोघांच्या बशीत तेच पोहे, नळाला तेच नर्मदेचं पाणी, मोरीत टूथपेस्टही एकच. तरी पंचविशीला येईपर्यंत ताईच्या दोन दाढांमध्ये चांदी भरलेली असते आणि धाकट्याच्या दोन दाढा काढून टाकलेल्या असतात, आणखी एक हलत असते, हिरड्यांना हात लावला की रक्त येतं. असं का व्हावं?

घरात याची दोन उत्तरं तयार असतात. ‘तो गोड फार खातो’ हे एक, आणि ‘ब्रश करूच देत नाही’ हे दुसरं. दोन्हींत थोडं तथ्य आहे, पण तेवढ्यानं कोडं सुटत नाही. २०१० साली देशोदेशीच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा एक चकित करणारी गोष्ट पुढं आली. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांच्या दातांना कीड लागण्याचं प्रमाण इतरांपेक्षा फारसं जास्त नाही. काही अभ्यासांत तर ते कमीच आहे. फरक पडतो तो पुढं. त्यांचे किडलेले दात भरले जात नाहीत, तसेच राहतात आणि शेवटी काढावे लागतात. हिरड्यांचे आजार मात्र त्यांच्यात स्पष्टपणे जास्त असतात.

याचा अर्थ असा, की दात जातात ते केवळ अक्षमतेमुळे नव्हे. घास तोंडात जास्त वेळ राहतो आणि दुखणं उशिरा कळतं, या दोन उशिरांमुळे ते जातात. हे दोन्ही उशीर कमी करणं बऱ्याच अंशी घरच्यांच्या हातात आहे.

खरकटं ताट आणि तोंड

जेवल्याबरोबर ताट नळाखाली धरलं तर नुसत्या पाण्यानं स्वच्छ होतं. तेच रात्रभर पडून राहिलं की भात वाळतो, आमटीचा थर धरतो आणि सकाळी काथ्यानं घासावं लागतं. तोंडात नळाचं काम लाळ करते. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसभरात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती अन्नाचे कण वाहून नेते, आम्ल मारते आणि दाताच्या वरच्या कवचातून निघून गेलेलं कॅल्शियम, फॉस्फेट परत भरून काढते.

आम्ल येतं कुठून? दातांवर जंतूंचा एक पातळ, चिकट थर सतत बसत असतो. आपण साखर किंवा पीठ खाल्लं की हे जंतूही जेवतात आणि आम्ल सोडतात. आम्लता मोजण्याच्या पट्टीवर ७ म्हणजे धड आम्लधर्मी नाही, धड अल्कधर्मी नाही अशी मधली स्थिती; आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त. खाल्ल्यावर काही मिनिटांतच दातावरचा आकडा खाली येतो. तो साडेपाचच्या आसपास गेला की दाताचं कवच विरघळू लागतं. मग लाळ कामाला लागते आणि अर्ध्या-एक तासात आकडा पुन्हा वर येतो. तेवढ्यात काही खाल्लं नाही, तर झालेली झीज भरून निघते. म्हणून दिवसात गोड किती खाल्लं यापेक्षा ते किती वेळा खाल्लं आणि तोंडात किती वेळ राहिलं, याला जास्त महत्त्व आहे.

आता धाकट्याच्या तोंडात काय होतं ते पाहू. घास खाल्ल्यावर आपली जीभ नकळत गालांच्या कोपऱ्यांतून फिरते, ओठ मिटतात, गाल आत ओढले जातात आणि उरलेलं सगळं गिळलं जातं. बौद्धिक अक्षमतेबरोबर अनेकांच्या तोंडाचे स्नायू सैल असतात किंवा त्यांचा मेळ बसत नाही. सेरेब्रल पाल्सी आणि डाऊन सिंड्रोममध्ये हे विशेष दिसतं. जीभ पुढं येते, तोंड उघडं राहतं, घास गालात तसाच धरून ठेवला जातो. जेवणानंतर तासाभरानं खालचा ओठ हळूच पुढं ओढून पाहा. ओठ आणि हिरडीच्या मधल्या खोबणीत पोह्यांचा, पोळीचा पिठाळ गोळा बसलेला दिसेल. लाळ आहे, पण ती तिथवर पोचवणारी जीभ तिथं जात नाही.

बोलता बोलता सेवेचाही उल्लेख केला पाहिजे, कारण इंदूरमध्ये सेव प्रत्येक पदार्थावर पडते. तिखट सेवेचा दातांशी काय संबंध, असं आपल्याला वाटतं. पण जिलेबीचा पाक लाळेत विरघळून तुलनेनं लवकर निघून जातो, तर बिस्किटं, चिप्स, सेव यांचा भुगा दाढांच्या खाचांमध्ये घट्ट बसतो. त्यातल्या पिठाची साखर तोंडातच होते. म्हणून ‘आमचा बाळ गोड खातच नाही’ म्हणणाऱ्या घरातही दाढा किडलेल्या आढळतात.

आपल्याला हे कळलं कसं?

गोड किती वेळा खाल्लं हे महत्त्वाचं, हा धडा आज प्रत्येक दंतवैद्य देतो. तो जगाला मिळाला बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांच्याच दातांकडून, आणि तोही त्यांना न विचारता.

स्वीडनमधल्या लुंड शहरात विपेहोम नावाचं मोठं रुग्णालय होतं. तिथं बौद्धिक अक्षमता असलेली माणसं वर्षानुवर्षं राहत. त्या काळी स्वीडनमध्ये दात किडण्याचं प्रमाण प्रचंड होतं आणि कारण नक्की ठाऊक नव्हतं. १९४५ पासून तिथं आहाराचे प्रयोग सुरू झाले. आधी जीवनसत्त्वांवर भर होता, नंतर साखरेवर. ४३६ जणांचे गट पाडले गेले. काहींना जेवणाबरोबरच्या पेयातून साखर दिली, काहींना गोड पाव, काहींना चॉकलेट. काहींना दोन जेवणांच्या मध्ये टॉफ्या दिल्या, दिवसाला ८ किंवा २४. या टॉफ्या मुद्दाम चिकट बनवल्या होत्या, म्हणजे त्या दातांना धरून राहाव्यात. निष्कर्ष १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेनं कीड थोडीच वाढली. मधल्या वेळेच्या चिकट टॉफ्यांनी दातांची धूळधाण केली.

त्यानंतर स्वीडनमध्ये मुलांना खाऊ फक्त शनिवारी द्यायची पद्धत रुजली आणि ती अजून टिकून आहे. जगभरच्या मुलांचे दात ज्या माहितीनं वाचले, ती ज्यांच्याकडून मिळाली त्यांची संमती कुणी घेतली नव्हती. आज वैद्यकीय संशोधनाच्या नीतिनियमांची चर्चा निघाली की विपेहोमचंही नाव निघतं. आणि त्याच लोकांच्या वाट्याला दातांचे उपचार अजून सगळ्यांत शेवटी येतात.

औषधं, सिरप आणि बक्षिसाचं चॉकलेट

बौद्धिक अक्षमता असलेल्या अनेकांना फिट येतात आणि त्यासाठी रोज औषध घ्यावं लागतं. गोळी गिळता येत नाही म्हणून ते गोड सिरपच्या रूपात दिलं जातं, बहुतेक वेळा रात्री ब्रश झाल्यावर. झोपेत लाळ अगदी कमी सुटते, त्यामुळे हे दोन चमचे सिरप रात्रभर दातांवर बसून राहतं. उपाय सोपा आहे. आधी औषध, मग ब्रश. शिवाय डॉक्टरांना विचारावं, की हेच औषध बिनसाखरेचं मिळतं का, किंवा पाण्यात विरघळणारी गोळी चालेल का.

फेनिटॉइन हे फिटचं जुनं, स्वस्त आणि उपयोगी औषध. ते घेणाऱ्या बऱ्याच जणांच्या हिरड्या वाढतात, कधीकधी दात अर्धे झाकले जाईपर्यंत. दात स्वच्छ असतील तर ही वाढ कमी राहते. म्हणून फेनिटॉइन चालू असलेल्या घरात ब्रश चुकवून चालत नाही. मात्र हिरड्या वाढल्या म्हणून औषध स्वतःच्या मनानं बंद करू नये. फिटचा धोका त्याहून मोठा असतो. बदल करायचाच तर तो न्यूरॉलॉजिस्टच्या सल्ल्यानंच करावा.

वर्तन शांत ठेवण्यासाठी दिलेल्या काही औषधांनी तोंड कोरडं पडतं, काहींनी भूक आणि वजन वाढतं. याउलट लाळ गळणारं मूल पाहून ‘याला लाळ फार सुटते’ असं आपण म्हणतो. सेरेब्रल पाल्सीत बहुतेक वेळा लाळ जास्त नसते, ती वेळेवर गिळली जात नाही. ती हनुवटीवरून बाहेर जाते आणि मागच्या दाढांना हवी तितकी मिळत नाही.

आणि शेवटी बक्षीस. ‘शर्टाचं बटण लावलंस? घे चॉकलेट.’ शिकवताना लगेच बक्षीस देणं ही चांगली रीत आहे आणि ती लागूही पडते. पण अर्ध्या अर्ध्या तासानं एक गोळी दिली की आम्लाचा आकडा दिवसभर वर येतच नाही. विपेहोमचा प्रयोग आपण प्रेमानं पुन्हा करत असतो. स्टिकर, टाळी, आवडत्या गाण्याच्या दोन ओळी, साबणाचे फुगे, झोपाळ्यावर दोन झोके, हेही बक्षीसच आहे. खाऊच द्यायचा असेल तर फुटाणे, काकडी, पेरूची फोड, पनीरचा तुकडा. पण फुटाण्यासारखा कडक पदार्थ ज्यांना नीट चावता-गिळता येतो त्यांनाच द्यावा.

दुखतंय, पण सांगायचं कसं?

ताईची दाढ ठणकली की ती म्हणते, ‘आई, डावीकडे कळ येतेय,’ आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाते. धाकट्याकडे हे वाक्य नाही. तो गालावर चापट मारून घेतो, हात चावतो, पोळी बाजूला सारतो, रात्री उठून बसतो, थंड पाण्याचा पेला ढकलून देतो. घरचे म्हणतात, ‘हल्ली फार हट्टी झालाय.’ डॉक्टरही कधीकधी त्याच्या अक्षमतेकडे बोट दाखवतात आणि तोंड उघडून पाहायचं राहून जातं. वर्तनाची गोळी वाढते, दाढ आत किडत राहते. भरता आली असती ती दाढ अखेर काढावी लागते. सुरुवातीच्या कोड्याचा मोठा भाग इथं सुटतो.

म्हणून एक नियम घरात पाळावा. वागण्यात अचानक बदल झाला तर आधी तोंड, कान आणि पोट तपासून घ्यावं, मग स्वभावाला नाव ठेवावं.

डाऊन सिंड्रोममध्ये कीड बऱ्याचदा कमी असते, कारण दात उशिरा येतात आणि त्यांच्यात फटी असतात. पण हिरड्यांचा आजार लहान वयात सुरू होतो आणि झपाट्यानं वाढतो, कारण जंतूंशी लढणारी यंत्रणा थोडी कमकुवत असते. त्यात दुखत फारसं नाही. दात हलायला लागला की मगच लक्ष जातं. शिवाय डाऊन सिंड्रोम असलेल्या साधारण निम्म्या मुलांना जन्मजात हृदयदोष असतो. हिरडीतले जंतू रक्तातून हृदयापर्यंत जाऊ शकतात, म्हणून दंतवैद्याला हृदयाचे कागद आधी दाखवावेत.

दाढ गेली की ताटही बदलतं

तोंड आणि पोषण यांचा रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो. दाढ दुखू लागली की माणूस भाकरी, कोशिंबीर, मोड आलेली मटकी, पेरू सोडतो. त्यांच्या जागी चहात बुडवलेली बिस्किटं, शिरा, साखर-दूध-पोळीचा काला येतो. चावावं लागत नाही, भांडण होत नाही, आईला वाटतं निदान पोटात काहीतरी जातंय. पण प्रथिनं, लोह आणि चोथा कमी पडतो, साखर वाढते, बद्धकोष्ठता होते आणि उरलेल्या दाढांचीही वाट लागते.

यातून दोन टोकं दिसतात. सेरेब्रल पाल्सी असलेली, गिळायला त्रास होणारी मुलं बहुधा हडकुळी राहतात. एका जेवणाला तासभर लागतो, खाऊ घालणाराही थकतो आणि ताट अर्धं परत जातं. याउलट डाऊन सिंड्रोम असलेल्या किंवा काही विशिष्ट औषधं घेणाऱ्या मोठ्या माणसांचं वजन वाढत जातं. ऑटिझम असलेली काही मुलं ठराविक रंगाचं, ठराविक कुरकुरीतपणाचं मोजकंच खातात. तो हट्ट नसतो. चव आणि स्पर्श त्यांना आपल्यापेक्षा फार तीव्रतेनं जाणवतात. नवा पदार्थ आवडत्या पदार्थाशेजारी रोज चमचाभर ठेवत राहावा, बळजबरी करू नये.

गिळण्याच्या अडचणीची खूण म्हणजे ठसका. पाणी पिताना वारंवार ठसका लागणं, जेवल्यावर आवाज घोगरा-ओला होणं, छातीत पुन्हा पुन्हा कफ होणं, ही सगळी अन्न श्वासनलिकेकडे जात असल्याची चिन्हं आहेत. अशा वेळी तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात आणि न्यूमोनिया होतो. म्हणजे त्या माणसाचे दात घासणं हे फुप्फुसाचंही रक्षण आहे. जेवताना त्याला ताठ बसवावं, हनुवटी किंचित खाली ठेवावी, घास लहान द्यावा आणि आधीचा गिळल्यावरच पुढचा द्यावा. पातळ पाण्यापेक्षा दाटसर वरण काहींना सोपं जातं. कुणाला काय झेपेल हे स्पीच थेरपिस्ट पाहून सांगतात.

पदार्थ मऊ हवा म्हणून तो गोड किंवा निकस असायलाच हवा असं नाही. मऊ खिचडीत भाज्या आणि तूप, घोटलेलं वरण, दह्यात कालवलेली नाचणीची आंबील, कुस्करलेलं उकडलेलं अंडं. इंदूरचाच पदार्थ घ्यायचा तर भुट्ट्याचा कीस. मका किसून दुधात शिजवलेला हा पदार्थ मऊ असतो, साखरेशिवाय होतो आणि सगळ्यांच्या ताटात एकच असल्यानं कुणी वेगळं पडत नाही.

निवासी संस्थांमध्ये हा सगळा भार काही मोजक्या हातांवर असतो. जुलै २०२४ मध्ये इंदूरच्या एका निवासी संस्थेत मुलं उलट्या-जुलाबांनी आजारी पडली, काही दगावली आणि तपासणीत कॉलऱ्याचे जंतू सापडले. स्वच्छ पाणी, पुरेसं अन्न आणि दुखणं वेळेत ओळखणारं माणूस या तिन्हींपैकी एक सुटलं तरी काय होऊ शकतं, हे त्या आठवड्यात शहरानं पाहिलं.

मोरीत काय करायचं

समोर उभं राहून ब्रश घालू नका. समोरून येणारा हात अंगावर आल्यासारखा वाटतो. त्याला खुर्चीवर बसवा, तुम्ही मागं उभं राहा, त्याचं डोकं तुमच्या छातीला टेकू द्या, एका हातानं हनुवटी धरा. समोर आरसा असेल तर तुमचा हात त्याला दिसतो. लहान मुलाला मांडीवर आडवं घेऊनही हे जमतं.

ब्रश लहान डोक्याचा, मऊ केसांचा. स्वतः धरायचा असेल आणि मूठ नीट वळत नसेल, तर दांड्यावर सायकलच्या हँडलचं रबर चढवा किंवा दांडा रबरी चेंडूत खोचा. आधी त्याला घासू द्या, मग तुम्ही एकदा फिरवा. चावायची सवय असेल तर एक जुना ब्रश दाढांच्या मध्ये धरायला द्या आणि दुसऱ्यानं घासा. पहिल्या दिवशी नुसता ओठाला ब्रश लागला तरी पुरे. दुसऱ्या आठवड्यात पुढचे दात, मग दाढा. रोज तीच वेळ, तेच गाणं, तोच क्रम.

पेस्ट फ्लोराइडची हवी, पाकिटावर निदान १००० पीपीएम लिहिलेली. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, पुढं वाटाण्याएवढी. थुंकता येत नसेल तर कमी फेसाची पेस्ट अगदी थोडी लावा आणि शेवटी ओल्या फडक्यानं पुसून घ्या. थुंकता येत असेल तर फक्त थुंकू द्या, वर खळखळून चूळ भरू नका, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहतं. जेवणानंतर मात्र दोन घोट पाणी आणि गालाच्या खोबणीतून ओलं बोट, हे रोजच करावं. चावण्याची भीती असेल तर बोटाऐवजी गुंडाळलेलं फडकं वापरावं.

धार, झाबुआकडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात मुळातच फ्लोराइड जास्त असतं. तिथल्या लहान मुलांसाठी पेस्ट किती, हे दंतवैद्यालाच विचारावं.

कुठलं दार वाजवायचं?

पहिला दात आला की, किंवा पहिल्या वाढदिवसापर्यंत, दंतवैद्याची पहिली भेट व्हावी. दुखत नसताना खुर्ची ओळखीची झाली, तर पुढं दुखत असताना ती परकी वाटत नाही. चांगला दंतवैद्य आधी उपकरण नावानं सांगतो, मग हातावर फिरवून दाखवतो, मग तोंडात घालतो. भेटीची वेळ सकाळची, पहिल्या क्रमांकाची मागून घ्यावी.

इंदूरमध्ये १९६१ साली सुरू झालेलं शासकीय दंत महाविद्यालय आहे. मुलांच्या दातांचे तज्ज्ञ त्यांच्या शिक्षणातच विशेष मुलांवरचे उपचार शिकतात. खुर्चीवर अजिबात बसू न शकणाऱ्याला पूर्ण भूल देऊन एकाच बैठकीत सगळे दात नीट करण्याचीही सोय मोठ्या रुग्णालयांत होते. आणखी एक सोपा उपाय म्हणजे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. हे द्रावण किडलेल्या जागी लावलं की ना सुई लागते ना ड्रिल, आणि बहुतेक वेळा कीड तिथंच थांबते. ती जागा काळी पडते, ही त्याची किंमत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये त्याचा आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

खर्चाचं काय? राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विम्याचं संरक्षण मिळतं. त्यात बाह्यरुग्ण उपचारांबरोबर दातांची प्रतिबंधक तपासणीही धरलेली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २५व्या कलमात दिव्यांगांना तपासणी आणि उपचारात प्राधान्य देण्याची तरतूद आहे. रांगेत पहिला नंबर मागणं ही त्यामुळे मेहेरबानीची याचना ठरत नाही.

२०११ च्या जनगणनेत बौद्धिक अक्षमतेखाली साधारण १५ लाख माणसांची नोंद झाली. ती सगळी मुलं नाहीत. मूल मोठं झालं की बालदंतचिकित्सेचा दरवाजा बंद होतो आणि मोठ्यांच्या दवाखान्यात ‘हा बसेल का खुर्चीत?’ असा प्रश्न येतो. आईवडील थकत जातात, ब्रश धरणारा हात बदलतो. म्हणून कागदपत्रांच्या फाइलमध्ये एक पान तोंडाचंही असावं. कुठली औषधं, कुठली दाढ भरलेली, ब्रश कसा करून घेतो, दुखलं की तो काय करतो. पुढं त्याला सांभाळणाऱ्या बहिणीला किंवा संस्थेतल्या मावशींना हे पान दिव्यांग प्रमाणपत्राइतकंच उपयोगी पडेल.

थोडक्यात

- गोड किती यापेक्षा किती वेळा, हे पाहा. खाऊ जेवणाबरोबर, मधल्या वेळी नको.
- जेवणानंतर पाणी, आणि गालाच्या खोबणीत अडकलेला घास काढणं.
- रात्री आधी सिरप, मग ब्रश, मग झोप.
- शिकवतानाचं बक्षीस खाण्याचं नसलेलं बरं.
- वागणं अचानक बदललं, जेवण सोडलं, गालावर मारून घेतलं, तर आधी तोंड तपासा.
- पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल तर डॉक्टर आणि स्पीच थेरपिस्ट दोघांना दाखवा.
- फिटचं औषध स्वतःहून बंद करू नका.
- दर सहा महिन्यांनी दंतवैद्य, दुखत नसलं तरी.